खांद्याला झेपेल तीच रायफल घ्या

नोव्हेंबर जवळ आला की अमेरिकेतल्या आपल्या मंडळींपैकी कुणी ना कुणी ऑफिसातल्या मित्राबरोबर हरणाच्या शिकारीला जायचं ठरवतो आणि विचारतो, "कुठली रायफल घेऊ?"

दुकानात शिरण्याआधी कागद बघा. ग्रीन कार्ड असेल तर सहसा अडचण येत नाही. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर संघीय कायद्याने बंदूक जवळ बाळगायलाच मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना हा त्याला एक अपवाद आहे, पण त्याच्यावर विसंबण्याआधी वकिलाला विचारा. इथे चुकलात तर देशात राहण्यावरच गदा येते. मग तुमच्या राज्याचे नियम वाचा. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही. कॅलिफोर्नियात शिकारीला शिशाची गोळी २०१९ पासून बंद आहे. ओहायोत रायफलीला सरळ नळकांडीचंच काडतूस लागतं, त्यामुळे तिथल्यांनी .३५० लेजंडसारखं काहीतरी बघावं. कॅलिबरबद्दलचा पुढचा सल्ला त्यांच्या कामाचा नाही.

आता कॅलिबर. विक्रेता .३०० विंचेस्टर मॅग्नम पुढे सरकवेल. म्हणेल, एल्कसुद्धा आडवा होतो. तुम्हाला एल्क मारायचाय का? जंगलात शंभर-दीडशे यार्डांवरच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाला .२४३ विंचेस्टर किंवा ६.५ क्रीडमूर पुरून उरतं. .३०८ विंचेस्टर १९५२ पासून बाजारात आहे, त्याची काडतुसं आडगावातही मिळतात. धक्का सोसत असेल तर तेही उत्तम. मात्र शक्य असेल तर पैसे मोजण्याआधी त्याच कॅलिबरची रायफल रेंजवर भाड्याने घेऊन चालवून बघा.

तिथे एक परीक्षा जरूर करा. काडतुसं तुम्ही न बघता मित्राला भरू द्या आणि मध्येच एक खोटं काडतूस घालायला सांगा. खोट्या काडतुसाची पाळी येते, चाप ओढला जातो, बार होतच नाही. तरी नळीचं तोंड झपकन खाली गेलेलं दिसतं. डोळेही मिटलेले असतात. धक्क्याच्या धास्तीने हे होतं, आणि गोळी हरणाच्या छातीऐवजी पोटात जाते. असं जखमी जनावर तासन्‌तास तडफडत जंगलात फिरतं. हृदय-फुप्फुसांची जागा पुढच्या पायामागे, जेमतेम नाश्त्याच्या ताटलीएवढी. तिथे नेमकी बसलेली छोटी गोळी मला चुकलेल्या मॅग्नमपेक्षा केव्हाही पसंत.

हलकी रायफल वाहायला सोपी, पण त्याच काडतुसाला जास्त लाथ मारते. दस्ता लांब वाटला तर आखूड करून घ्या. आपल्यातल्या बऱ्याच जणांना, विशेषतः बायकांना, तो लांबच पडतो. दुर्बीण डोळ्याच्या फार जवळ बसवलीत तर भुवई फुटेल. तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण पुरे. उरलेले पैसे काडतुसांवर घाला आणि टेबलावरून नेम जुळला की बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून सराव करा.

आणि रेंजवर नेलेली बॅग भारतात जाताना सामानासाठी वापरू नका. शिवणीत अडकलेलं एक काडतूस मुंबई विमानतळावर सापडलं, तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो.