पेपर सुटल्यानंतर

मे महिन्यातला रविवार. नागपुरात नीटचा पेपर सुटतो, तेव्हा संध्याकाळ होत आली तरी ऊन उतरलेलं नसतं. मुलं डोक्याला दुपट्टा बांधायच्या आधी प्रश्नपुस्तिका उघडतात. संच वेगवेगळे, त्यामुळे क्रमांक जुळत नाहीत. आधी प्रश्न शोधायचा, मग उत्तर. "तुझं दोन आलं? माझं चार!" आणि एकाचा चेहरा पडतो.

'झालं गेलं, आता कशाला चर्चा?' असं आपण मोठी माणसं म्हणतो. मला ते पटत नाही. 2024 मध्ये भौतिकशास्त्राच्या अणूवरच्या एका प्रश्नाला परीक्षा संस्थेने दोन पर्याय बरोबर धरले होते. एक जुन्या पाठ्यपुस्तकाच्या आधाराने. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. दिल्ली आयआयटीच्या तीन तज्ज्ञांनी चौथा पर्यायच बरोबर ठरवला आणि चार लाखांहून अधिक मुलांचे प्रत्येकी पाच गुण गेले. बरोबर उत्तराला चार, चुकीला उणे एक, असा तो हिशेब. पैकीच्या पैकी गुण मिळवणारे 61 वरून 17 वर आले.

म्हणजे मुलांची ही कुजबुज रिकामटेकडी नाही. उत्तरसूचीवर हरकत घ्यायला प्रत्येक प्रश्नामागे 200 रुपये भरावे लागतात. हरकत खरी ठरली, तर ते परत मिळायलाच हवेत.

पालकांना एकच विनंती: गेटवर 'किती येतील?' विचारू नका. आधी पाणी द्या, घरी न्या.