चारशे एकावे युनिट

वीजबिल हा राजधानीत राजकारणाचा विषय झाला, त्याला आता एक तप उलटून गेले आहे. २०१३ मध्ये अरविंद केजरीवाल वाढीव बिलांविरुद्ध उपोषणास बसले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात शीला दीक्षित यांची पंधरा वर्षांची राजवट संपली. त्या पराभवाला कारणे अनेक होती. मात्र वीज हे त्यांतील एक होते, हा धडा दिल्लीतील सर्वच पक्षांनी पाठ करून ठेवला. ऑगस्ट २०१९ पासून महिन्याला २०० युनिटपर्यंत बिल शून्य आणि ४०० युनिटपर्यंत निम्मे बिल माफ, कमाल मर्यादा ८०० रुपये, ही सवलत लागू झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये भाजपने सत्ता मिळवली, तेव्हा प्रचारातच जुन्या योजना बंद होणार नाहीत अशी ग्वाही द्यावी लागली होती.

या सवलतीवर आजवर जो वाद झाला तो ‘रेवडी’ या एका शब्दाभोवती. ती द्यावी की देऊ नये, एवढाच प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला. ती कशी मोजली जाते, याकडे फारसे कोणी पाहिले नाही. वास्तविक खरी गोम तिथेच आहे. सवलत महिन्याच्या हिशेबाने मोजली जाते. दिल्लीतील विजेची गरज मात्र ऋतूच्या हिशेबाने बदलते.

सप्टेंबर २०२१ च्या दरपत्रकानुसार पहिल्या २०० युनिटना ३ रुपये, पुढील २०० ना साडेचार रुपये आणि त्यापुढे साडेसहा रुपये असा दर होता. ४०० युनिटचा नुसता वीज आकार दीड हजार रुपये होतो. त्यावर स्थिर आकार, वीजखरेदी समायोजन आकार, जुन्या विद्युत मंडळाच्या निवृत्तांच्या पेन्शनसाठीचा अधिभार, तुटीचा अधिभार आणि वीज कर. यांतील समायोजन आकारच २०२४ च्या उन्हाळ्यात ३५ टक्क्यांपलीकडे गेला होता. अशा बिलातून ८०० रुपये वजा होणे हा मोठा दिलासा आहे. परंतु मीटरने ४०१ चा आकडा दाखविला की हा दिलासा संपूर्ण नाहीसा होतो. म्हणजे चारशे एकाव्या युनिटची किंमत साडेसहा रुपये नसून आठशे रुपयांहून अधिक असते. आयकरात एक रुपया उत्पन्न वाढल्याने कर हजारोंनी वाढू नये म्हणून सीमांत सवलतीची तरतूद केली जाते. वीजबिलात तशी काही सोय असावी, असे कोणाला सुचलेले नाही.

आणि ही सीमारेषा कधी ओलांडली जाते? १९ जून २०२४ रोजी दिल्लीची मागणी ८,६५६ मेगावॉटवर गेली. त्याच दिवशी सफदरजंगच्या वेधशाळेत किमान तापमान ३५.२ अंश नोंदले गेले. दिवसाचे नव्हे, रात्रीचे! अशा रात्री वातानुकूलन यंत्राला चैनीची वस्तू म्हणणे अवघड आहे. सरकारनेही त्यावरील २८ टक्के जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १८ टक्क्यांवर आणला. दीड टनाचे साधारण यंत्र रात्री आठ तास चालले की सातआठ युनिट सहज जातात. महिन्याला सव्वादोनशेच्या आसपास. शीतपेटी, पंखे, दिवे, पाण्याचा पंप यांचे दीडशे त्यात मिळवले, तर एकाच खोलीत यंत्र असलेले घर मे-जूनमध्ये चारशेच्या उंबरठ्यावर उभे राहते. त्यातच मुलांच्या प्रवेशपरीक्षा असतात किंवा गावाकडून आईवडील आलेले असतात.

म्हणून मग घरोघरी युक्त्या चालतात. रामकृष्णपुरमच्या सरकारी वसाहतीत ‘कालनिर्णय’वर दुधाच्या खाड्यांशेजारी मीटरचे आकडे लिहिलेले दिसतात. सगळे कुटुंब एका खोलीत झोपते, पहाटे दोनला गजर लावून यंत्र बंद केले जाते. लू वाहते तोवर वाळ्याचे कूलर उत्तम काम देतात आणि वीजही नाममात्र घेतात. परंतु जूनअखेर पूर्वेकडचे दमट वारे सुरू झाले की तेच कूलर नुसती ओल पसरवतात. तापमान एक अंशाने वर ठेवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो आणि ते खरे आहे. सव्वीस अंश आणि सोबत छताचा पंखा हा उपाय अवश्य करावा. पण काटकसरीचा हा उपदेश ज्याला केला जातो, त्याने सहा महिने केलेल्या काटकसरीचे पुढे काय होते?

काहीच होत नाही. ऑक्टोबर ते मार्च गिझर धरूनही महिन्याला सरासरी १३० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाची दरमहा ७० युनिटे, म्हणजे सहा महिन्यांत ४२० युनिटे, न वापरता बुडतात. तेच कुटुंब मे, जून, जुलैत ४५० युनिट वापरते तेव्हा त्याच्या हाती शून्य सवलत पडते. उलट गुंतवणूक म्हणून घेतलेल्या आणि कुलूप लावलेल्या सदनिकेचा स्थिर आकारही बारा महिने तिजोरीतून भरला जाऊ शकतो. भर उन्हाळ्यात मंजूर भारापेक्षा जास्त मागणी नोंदली गेली, तर लागोपाठ चार महिन्यांच्या कमाल मागणीची सरासरी काढून पुढील वर्षी तो भारच वाढवला जातो. दोनाचे तीन किलोवॉट झाले की २०२१ च्या दराने स्थिर आकार ४० वरून १५० रुपये. उन्हाळा असा डिसेंबरच्या बिलातही येऊन बसतो.

आता संसदेकडे वळू. खासदारांना निवासस्थानी वर्षाला ५० हजार युनिट वीज विनामूल्य मिळते. सामान्य दिल्लीकराच्या शून्य बिलाच्या मर्यादेची ही वीसपट होते, यावर पत्रकार कक्षात दर अधिवेशनात एखादा तरी विनोद होतो. प्रस्तुत लेखकाला त्या आकड्यापेक्षा त्याचे एकक महत्त्वाचे वाटते. खासदारांचा कोटा वार्षिक आहे. अधिवेशन नसताना बंगला रिकामा असतो आणि पावसाळी अधिवेशनात मतदारसंघातील पाहुण्यांनी भरतो, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होते. वापराला चढउतार असतो, ही जाण स्वतःच्या बाबतीत दाखविणाऱ्या व्यवस्थेने ती नागरिकांच्या बाबतीत दाखवू नये, याचे आश्चर्य वाटते.

दोनशे युनिटांची मासिक मर्यादा तशीच ठेवून न वापरलेली युनिटे पुढे नेण्याची मुभा दिली, तर गरिबाचे काही जात नाही आणि वरच्या उदाहरणातील कुटुंबाला तीन महिन्यांत ३३० युनिटांचेच पैसे मोजावे लागतील. चारशेनंतर सवलत एकदम तोडण्याऐवजी पाचशेपर्यंत उतरती ठेवता येईल. खर्च वाढेल, हा वित्त विभागाचा आक्षेप रास्त आहे. अनुदान आधीच वर्षाला तीन हजार कोटींपलीकडे आहे. मात्र एका मालकाच्या एकाहून अधिक मीटरना आणि मोठ्या मंजूर भाराच्या घरांना यातून वगळले, तर पुष्कळ भरपाई होईल. दुसरी अडचण अस्सल सरकारी आहे. तरतूद ३१ मार्चला व्यपगत होते आणि उन्हाळा त्यानंतर येतो! त्यासाठी खात्याचे वर्ष ऑक्टोबरपासून धरावे लागेल. वीज कायदा २००३ च्या कलम ६५ नुसार अनुदान कोणाला व कसे द्यायचे हे राज्य सरकारच ठरवते. रक्कम आगाऊ भरली की झाले. संसदेत जाण्याचेही कारण नाही.

भाडेकरूंचा प्रश्न मात्र याने सुटत नाही. करोलबागेतील गलाई कारागीर असोत की जुन्या राजेंद्रनगरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी आपली मुले, घरमालकाच्या उपमीटरवर युनिटला आठ-दहा रुपये ठोक मोजतात आणि सवलत घरमालकाच्या नावे जमा होते. भाडेकरूंसाठी वेगळ्या प्रीपेड मीटरची योजना सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर झाली. मालकाशी वैर नको म्हणून तिच्या वाटेला जाण्यास भाडेकरू कचरतात. छतावरील सौरऊर्जेचे अनुदानही ज्याला छत आहे त्यालाच.

घाई अशासाठी की मोठे बिल अद्याप यायचे आहे. दर वाढवणे टाळून वितरण कंपन्यांचे जे येणे वर्षानुवर्षे कागदावर पुढे ढकलले गेले, ते मार्च २०२१ अखेर दिल्लीत २७,२०० कोटी रुपयांवर पोहोचले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांच्या नियामक आयोगांना अशी थकबाकी कालबद्ध रीतीने फेडण्याचा आराखडा करण्यास सांगितले. ती रक्कम एकतर दरांतून येईल किंवा तिजोरीतून. दरांतून आली तर चारशे एकावे युनिट आणखी महाग पडेल, आणि ते पडेल मे-जूनमध्येच. वीज कायद्याचे विधेयक संसदेत आले तेव्हा ऊर्जा खाते सुरेश प्रभूंकडे होते, ते संमत झाले तेव्हा अनंत गीते यांच्याकडे. पुढे सुशीलकुमार शिंदे आणि पीयूष गोयलही तिथे बसून गेले. श्रमशक्ती भवनाशी महाराष्ट्राचा परिचय जुना आहे. दिल्लीकर मराठी माणसाने आपल्या खासदारांकडे नेण्यासारखे हे एक निवेदन आहे, आणि ते एप्रिलपूर्वी नेलेले बरे.