मैदानाबाहेरचा सामना

चेन्नईत 14 डिसेंबर 2025 रोजी भारताच्या स्क्वॉश संघाने हाँगकाँगचा 3-0 असा पराभव करून विश्वचषक जिंकला. त्याआधी उपान्त्य फेरीत याच संघाने, या खेळात प्रदीर्घ काळ वर्चस्व गाजवणाऱ्या इजिप्तलाही 3-0 असेच नमवले होते. यापूर्वी ऑस्ट्रेलिया, इंग्लंड आणि इजिप्त या तीनच देशांच्या नावावर असलेला हा चषक प्रथमच आशिया खंडातील एका देशाकडे आला. 39 वर्षांची जोश्ना चिनप्पा आणि 17 वर्षांची अनाहत सिंग या दोघी एकाच संघातून खेळल्या. अभय सिंग आणि वेलवन सेंथिलकुमार त्यांच्या जोडीला होते. अनुभव आणि तारुण्य यांचा असा संगम क्वचितच पाहावयास मिळतो. या संघाचे मनःपूर्वक अभिनंदन करावयास हवे.

परंतु या यशाचा बदनापूरशी काय संबंध, असा प्रश्न कोणाच्या मनात आल्यास तो अनाठायी म्हणता येणार नाही. जालना आणि छत्रपती संभाजीनगर यांच्यामध्ये रेल्वेमार्गावर वसलेले हे तालुक्याचे गाव. येथील कृषी संशोधन केंद्राने विकसित केलेले तुरीचे ‘बीडीएन’ वाण मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या चांगलेच परिचयाचे आहेत. येथल्या शाळकरी मुलाला खो-खोचे दोन खांब आणि कबड्डीची मधली रेषा जन्मापासून ओळखीची. स्क्वॉशचे कोर्ट मात्र त्याने प्रत्यक्ष पाहिलेले असण्याची शक्यता कमीच. बत्तीस फूट लांब, एकवीस फूट रुंद, चारही बाजूंनी भिंती आणि पायाखाली लाकडी जमीन, असा हा खेळ. तो एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील हॅरो येथील शाळेत जन्मला आणि गोऱ्या साहेबाच्या छावण्यांतून व क्लबांतून हिंदुस्थानात आला. स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ तो मोठ्या शहरांतील क्लबांच्या भिंतींआडच राहिला. बदनापूरच्या मुलाने उद्यापासून स्क्वॉश खेळावे, असे कोणी म्हणणार नाही. तथापि, मूठभर क्लबांत वाढलेला हा खेळ ऑलिंपिकच्या दारापर्यंत पोहोचला आणि गावोगाव खेळले जाणारे आपले खेळ मात्र त्या दारापासून दूरच राहिले, असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर बदनापूरच्या मैदानाशी निश्चितच निगडित आहे.

स्क्वॉशला ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाल्याची घोषणा झाली ती महाराष्ट्राच्या भूमीत, ही बाब अनेकांच्या विस्मरणात गेली असेल. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे 141वे अधिवेशन ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत भरले होते. 14 ऑक्टोबर रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्याच व्यासपीठावरून 2036 चे ऑलिंपिक भारतात आणण्याचा राष्ट्रीय संकल्प जाहीर केला आणि 16 ऑक्टोबर रोजी 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी क्रिकेटसह पाच खेळांना मान्यता देण्यात आली. स्क्वॉश हा त्यांपैकी एक. त्याच्या सोळाच दिवस आधी, 30 सप्टेंबर रोजी, हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाने पाकिस्तानला 2-1 असे हरवून सुवर्णपदक पटकावले होते. सौरव घोषाल, अभय सिंग, हरिंदरपाल संधू यांच्यासह मुंबईचा महेश माणगावकर त्या संघात होता.

मुंबईतील त्या एका ओळीच्या निर्णयामागे अठरा वर्षांची प्रतीक्षा होती. 2005 मध्ये सिंगापूर येथील अधिवेशनात कराटे आणि स्क्वॉश या दोन खेळांची नावे पुढे आली. पण आवश्यक ते दोन तृतीयांश मताधिक्य मिळाले नाही. 2009 मध्ये गोल्फ आणि रग्बी यांना पसंती मिळाली. 2013 मध्ये ब्यूनस आयर्स येथे स्क्वॉशला अवघी 22 मते पडली. टोकियोच्या वेळी स्केटबोर्डिंग, सर्फिंग आणि भिंतींवर चढण्याचा खेळ पुढे गेले, तर पॅरिसच्या वेळी नृत्याशी नाते सांगणारा ‘ब्रेकिंग’ हा प्रकार आला. या काळात जागतिक स्क्वॉश महासंघाचे अध्यक्षपद 2002 ते 2008 पाकिस्तानचा जगज्जेता जहांगीर खान याच्याकडे आणि 2008 ते 2016 भारताचे एन. रामचंद्रन यांच्याकडे होते. म्हणजे तब्बल चौदा वर्षे या खेळाची सूत्रे भारतीय उपखंडाच्या हाती होती. तरीही दार उघडले नाही. जागतिक संघटनेच्या खुर्चीवर आपला माणूस बसला की काम फत्ते होते, हा समज किती भाबडा आहे, हे यावरून लक्षात यावे.

मग दार उघडले कशामुळे? अर्थात, यजमान शहराची पसंती हा मोठाच भाग होता. तथापि, नकारामागून नकार येत असताना या खेळाच्या धुरिणांनी रुसून न बसता घर आवरावयास घेतले, हे नाकारता येणार नाही. सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण देणारी जुनी, रेंगाळणारी पद्धत मोडीत काढून प्रत्येक फेरीला गुण देणारी अकरा गुणांची पद्धत 2009 पासून सर्वत्र लागू केली. प्रेक्षकाला आणि कॅमेऱ्याला आतला खेळ दिसावा म्हणून काचेच्या भिंतींचे कोर्ट आणले. पंचांच्या निर्णयावर चित्रफितीद्वारे फेरतपासणीची सोय केली. पुरुषांची आणि महिलांची वेगळी चूल मोडून 2015 पासून दोन्ही व्यावसायिक संघटना एक झाल्या. अमेरिकेतील खुल्या स्पर्धेने तर 2013 मध्येच दोघांना समान बक्षिसाची रक्कम देऊ केली होती. भारतातही चेन्नईत अकादमी उभी राहिली आणि कोलकात्याचा सौरव घोषाल घर सोडून तेथे जाऊन घडला. डिसेंबरातील विश्वचषक त्याच शहरात उंचावला गेला, हा केवळ योगायोग नव्हे. कामाचे फळ उशिरा आले, पण आले.

2013 मधील ज्या मतदानात स्क्वॉश हरला, त्यात 49 मते मिळवून जिंकला तो खेळ म्हणजे कुस्ती. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 मध्ये हेलसिंकीहून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले, ते याच खेळात. महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक पदक पाहण्यासाठी 2024 मध्ये स्वप्नील कुसाळे याच्या नेमबाजीपर्यंत बहात्तर वर्षे वाट पाहावी लागली. अशा या पुरातन खेळाला फेब्रुवारी 2013 मध्ये ऑलिंपिकच्या मुख्य यादीतून वगळण्याची शिफारस झाली, तेव्हा कोल्हापूरच्या तालमींपासून हरियाणाच्या आखाड्यांपर्यंत सर्वत्र धक्का बसला. खेळात दोष नव्हता. जागतिक कुस्ती संघटना सुस्तावली होती. त्यानंतर तिचे अध्यक्ष पायउतार झाले, नवे नेतृत्व आले, नियम सोपे झाले, निर्णयप्रक्रियेत खेळाडूंना आणि महिलांना स्थान मिळाले आणि अवघ्या सात महिन्यांत कुस्तीने आपली जागा परत मिळवली. हजारो वर्षांची परंपराही गलथान कारभाराला संरक्षण देऊ शकत नाही, हा त्यातील धडा होय.

हा धडा भारताने तरी वेळेवर घेतला काय? दुर्दैवाने नाही. डिसेंबर 2012 मध्ये खुद्द भारतीय ऑलिंपिक संघटनाच निलंबित झाली. फेब्रुवारी 2014 मध्ये सोची येथील हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटन संचलनात तीन भारतीय खेळाडूंना तिरंग्याऐवजी ऑलिंपिकच्या ध्वजाखाली चालावे लागले. दोष पदाधिकाऱ्यांचा, मान खाली गेली खेळाडूंची. कबड्डीची कथा याहून क्लेशकारक. 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला देशातील कबड्डी महासंघाची निवडणूक रद्दबातल ठरवून प्रशासक नेमावा लागला आणि त्याच वर्षी जकार्ता येथे आशियाई स्पर्धेत इराणने भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांना हरवले. 1990 पासून पुरुषांत अबाधित राहिलेली सुवर्णमालिका तेथे खंडित झाली. 2023 मध्ये दोन्ही सुवर्णपदके परत आली, हे खरे. परंतु इराणविरुद्धच्या पुरुषांच्या अंतिम सामन्यात एका नियमाच्या अर्थावरून खेळ दीर्घकाळ थांबला आणि ज्या भारताने हा खेळ जगाला दिला, त्याच्या साक्षीने जगाने तो गोंधळ पाहिला. कबड्डीमहर्षी बुवा साळवी यांनी ज्या खेळासाठी आयुष्य वेचले, त्याच्या वाट्याला असे चित्र यावे, हे खचितच शोभादायक नाही.

आता खो-खो पाहा. 1914 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात या खेळाचे नियम तयार करण्यासाठी समिती बसली. त्याच वर्षी अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली आणि 1936 मध्ये याच मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली. त्यानंतर पहिला खो-खो विश्वचषक भरण्यास 2025 चा जानेवारी उजाडला. दिल्लीतील त्या स्पर्धेत दोन्ही अंतिम सामन्यांत भारताने नेपाळला हरवले. महिलांनी 78-40 असे, तर पुरुषांनी 54-36 असे. प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. ज्या मराठवाड्यात बदनापूर आहे, त्याच मराठवाड्यातील धाराशिवच्या सारिका काळे हिला 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला होता. गुणवत्तेची वाण या मातीत कधीच नव्हती.

तरीही 2025 साल सरेपर्यंत खो-खो आणि कबड्डी या दोहोंच्या जागतिक संघटनांना आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता मिळालेली नव्हती. चषक जिंकणे आणि खेळ जगात रुजवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुरुषांचा खेळ किमान चार खंडांतील 75 देशांत रुजलेला असावा, अशी अट ऑलिंपिकने एकेकाळी घातली होती. ही अट पुढे शिथिल झाली असली, तरी तिच्यामागील विचार कायम आहे. विश्वचषकाला आलेला परदेशी संघ मायदेशी परतल्यावर तेथे राष्ट्रीय स्पर्धा भरते काय, पंच घडतात काय, उत्तेजकविरोधी चाचण्या होतात काय, शाळांत मुली खेळतात काय, हे पाहिले जाते. स्वदेशी खेळांविषयीचा अभिमान योग्यच. पण तो अशा कष्टाच्या कामाला पर्याय ठरू शकत नाही. एकदा मिळालेली जागाही कायमची नसते. 2026 च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेच्या आराखड्यातून हॉकी, कुस्ती आणि बॅडमिंटन यांच्यासोबत स्क्वॉशलाही वगळण्यात आले, हे ताजेच उदाहरण आहे. 2030 ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाली आहे. यजमान या नात्याने आपल्या खेळांचा आग्रह धरण्याची संधी भारताला लाभेल. मात्र तो आग्रह तयारीच्या बळावर धरला, तरच टिकेल.

या पार्श्वभूमीवर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेला राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा स्वागतार्ह आहे. महासंघांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ, तंटे सोडवणारे क्रीडा न्यायाधिकरण, निवडणुकांवर देखरेख करणारी यंत्रणा, पंधरापेक्षा अधिक नसलेल्या कार्यकारिणीत किमान चार महिला आणि नामवंत खेळाडूंना स्थान, या तरतुदींची आवश्यकता कित्येक वर्षे जाणवत होती. परंतु कायद्याने खुर्ची रिकामी करता येते. तिच्यावर सुयोग्य माणूस बसवण्याचे काम समाजाचे असते. दिल्लीतील महासंघ राज्य संघटनांमधून उभा राहतो, राज्य संघटना जिल्ह्यांतून, आणि जिल्हा संघटना तालुक्यातील मंडळांतून. तळाशीच कागदी मंडळे, खोटे जन्मदाखले आणि सरकारी नोकरीतील पाच टक्के क्रीडा आरक्षणासाठी मिळवलेली बनावट प्रमाणपत्रे असतील, तर शिखरावर स्वच्छता कोठून येणार? बनावट प्रमाणपत्र घेणारा एक उमेदवार, रोज पहाटे मैदानावर घाम गाळणाऱ्या दुसऱ्या मुलाची जागा हिरावून घेत असतो. त्या दुसऱ्या मुलाचा खेळावरील आणि न्यायावरील विश्वास एकदा उडाला की तो परत आणणे कठीण.

म्हणूनच बदनापूरचा प्रश्न दुय्यम नाही. तालुक्यातील क्रीडा मंडळाची सभा वेळेवर होते काय, हिशेब फळ्यावर लागतो काय, निवड चाचणीचे गुण सर्वांसमोर वाचले जातात काय, मुलींना मैदानावर सुरक्षित वेळ मिळते काय, जिल्हा स्पर्धेचे पंच नियमांची नवी पुस्तिका वाचून येतात काय, ही कामे कोणत्याही मंत्रालयाची वाट न पाहता करता येण्याजोगी आहेत. ज्या घरांतून मुले संध्याकाळी मैदानावर जातात, त्या घरांतील पालकांनी आणि ज्यांनी आयुष्यभर खेळाच्या निमित्ताने मुलांना एकत्र आणले, त्या कार्यकर्त्यांनी यात लक्ष घातले पाहिजे. स्थानिक क्रीडा संघटनेचे सभासद होणे, तिच्या सभेत प्रश्न विचारणे, वयाची खरी नोंद करण्याचा आग्रह धरणे आणि स्वतःच्या मुलासाठीही सवलत न मागणे, यात प्रसिद्धी नाही. पण राष्ट्रजीवनातील बहुतेक टिकाऊ कामे अशीच झाली आहेत.

बदनापूरच्या संशोधन केंद्रातील तुरीचा वाण एका हंगामात तयार होत नाही. निवड, पेरणी, चाचणी, पुन्हा निवड असे वर्षानुवर्षे चालते. मध्येच कोणी खोटी नोंद केली, तर सगळे मुसळ केरात जाते. खेळाचेही तसेच आहे. 2036 मध्ये ऑलिंपिकचे यजमानपद भारताला मिळाले आणि त्या मैदानावर खो-खोचा खांब रोवला जावा, अशी इच्छा असेल, तर त्या वर्षी धावणारी मुले आज प्राथमिक शाळेत आहेत. त्यांच्यासाठी स्वच्छ आणि सचोटीचे संघटन उभे करावयाचे, तर त्याची पेरणी याच हंगामात व्हावयास हवी.