53 युरोंची बॅग

मिलानच्या आसपासच्या काही छोट्या कारखान्यांत किती वीज जळते, याची पोलिसांनी तपासणी केली. दिवसाची पाळी संपली तरी वापर उतरत नव्हता. रात्री नाही, सुट्टीच्या दिवशीही नाही. आत माणसे होती. तिथेच काम करत होती, तिथेच झोपत होती. चामड्याला चिकटद्रव लावणाऱ्या यंत्रांची संरक्षक झाकणे काढून ठेवलेली होती, कारण झाकण असले की काम सावकाश होते. हे कारखाने दिओर या फ्रेंच ब्रँडच्या इटलीतल्या उपकंपनीसाठी हँडबॅगा शिवत होते. जून 2024 मध्ये मिलानच्या न्यायालयाने त्या उपकंपनीवर वर्षभरासाठी प्रशासक नेमला, तेव्हा कागदपत्रांतून एक आकडा बाहेर आला. एक बॅग शिवून देण्याचे 53 युरो, चामड्याचा खर्च वेगळा. दुकानात तीच बॅग 2600 युरोंना होती. त्या वेळच्या भावाने एकीकडे पावणेपाच हजार रुपये आणि दुसरीकडे सव्वादोन लाखांच्या वर.

बॅग इटलीतच शिवलेली होती, त्यामुळे ‘मेड इन इटली’ हा शिक्का कायद्याच्या दृष्टीने खराच होता. मला या प्रकरणातली सर्वांत वाईट गोष्ट हीच वाटते. माल बनावट असता तर बनावट म्हणून बाजूला टाकता आला असता. इथे माल अस्सल, मुलूख अस्सल, नावही अस्सल. ज्याच्या हातामुळे या सगळ्याला भाव आला, तो कारागीर मात्र हिशेबातून गळालेला.

आपल्याकडे ‘इटालियन’ हे विशेषण फरशीपासून लग्नाच्या सुटापर्यंत कशालाही चिकटते आणि चिकटले की भाव चढतो. ही प्रतिष्ठा कुठून आली हे पाहिले, म्हणजे ती कशाने जाईल हेही समजेल.

ती वाटते तितकी जुनी नाही. मेदिची घराणे, रेशीम, राजवाडे हे सगळे माहितीपत्रकात छापायला छान असते; पण कपड्यांच्या बाजारात दुसऱ्या महायुद्धापर्यंत शब्द चालायचा तो पॅरिसचा. इटलीतली मोठी शिवणघरेसुद्धा पॅरिसचे नमुने गिरवत. 12 फेब्रुवारी 1951 रोजी जोव्हानी बात्तिस्ता जॉर्जिनी याने फ्लॉरेन्समधल्या आपल्या राहत्या घरी, व्हिला तोरिजानीत, इटालियन शिवणघरांचे कपडे मांडले. जॉर्जिनी शिंपी नव्हता. अमेरिकेतल्या बड्या दुकानांसाठी इटलीतला हस्तकलेचा माल निवडून पाठवणे हा त्याचा धंदा. पॅरिसची खरेदी आटोपलेल्या मूठभर अमेरिकनांना त्याने गळ घालून फ्लॉरेन्सला आणले. मांडणाऱ्यांना अट एकच घातली, पॅरिसची नक्कल नको. पुढच्या वर्षी हा सोहळा पिती राजवाड्याच्या श्वेत दालनात गेला आणि इटालियन फॅशन हा जगाच्या बाजारातला शब्द झाला.

त्या खरेदीदारांना भुरळ पडली ती पॅरिसपेक्षा कमी दराची आणि त्या दरात मिळणाऱ्या हातकामाची. त्या हातकामामागे गावे होती. आल्प्सच्या मऊ पाण्यात लोकर धुणारे बिएल्ला, रेशमाचे कोमो, चामडे कमावणारे सांता क्रोचे. साल्वातोरे फेरागामो अमेरिकेतून परतून 1927 मध्ये फ्लॉरेन्सला बसला, तोही तिथे हात मिळतात म्हणूनच. पुढे इथिओपियावरच्या आक्रमणामुळे इटलीवर निर्बंध आले, बुटाच्या तळव्यात घालायला चांगले पोलाद मिळेना. त्याने सार्डिनियाचे बूच घेतले आणि टाच व तळवा यांमधली पोकळी सलग भरून टाकली. आज ज्याला आपण ‘वेज हील’ म्हणतो ती अशी टंचाईतून आली. गुच्चीची बांबूच्या मुठीची बॅगही युद्धानंतरच्या ओढाताणीतली, 1947 ची. नव्या मालाची नस ओळखून त्याला वळवणारा कारागीर शेजारच्या गल्लीत नसता, तर या दोन्ही कल्पना कागदावरच राहिल्या असत्या.

नेपल्सच्या कोटाचा खांदा जरा जवळून पाहण्यासारखा आहे. 1930 च्या दशकात तिथल्या उच्चभ्रूंना इंग्रजी कोटाचे भारी वेड. पण कोट इंग्लंडच्या थंडीसाठी बेतलेला, जाड, खांद्यात कापूस ठासलेला; नेपल्सच्या उन्हात तो अंगावर ओझ्यासारखा बसायचा. जेन्नारो रुबिनाच्ची याच्या दुकानात विन्चेन्झो आत्तोलिनी या कटरने त्यातला भराव काढला, कॅनव्हास पातळ केला आणि बाही सदऱ्यासारखी बसवली. त्या दुकानाचे नाव ‘लंडन हाउस’, हेही गमतीचेच. या पद्धतीत बाहीचा घेर मुंढ्यापेक्षा मोठा कापतात. मोठा घेर लहान मुंढ्यात बसवायचा तर जास्तीचे कापड बोटांनी थोडे थोडे आत सारत हाताने टाके घालावे लागतात. नीट जमले तर खांद्यावर पाण्याच्या लाटेसारख्या बारीक चुण्या उमटतात आणि हात वर केला तरी कोट जागचा हलत नाही. कापड किती ‘खाईल’ हे लोकरीच्या जातीवर, त्या दिवशीच्या दमट हवेवर आणि शिंप्याच्या अंगठ्यावर अवलंबून असते. यंत्राने चुण्या पाडता येतात, पण त्या चुण्याच राहतात.

जॉर्जिओ आर्मानीने 1975 मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि भराव, अस्तर काढून कोट सैल सोडण्याचा हाच विचार तयार कपड्यांत आणला. 1980 च्या ‘अमेरिकन जिगोलो’ चित्रपटात रिचर्ड गेअरच्या अंगावर तो जगाने पाहिला. हजारो कोट शिवायचे तर कारखाना हवा. तो तुरिनच्या जीएफटी या वस्त्रसमूहाने पुरवला. नमुना करणारा कारागीर आणि शिवणारा कारखाना यांच्यात त्या काळी एक रस्ता होता. टाका चुकला तर कोणी चुकवला, हे विचारता येत असे.

हा रस्ता पुढे एका ठेक्याचे दोन ठेके, दोनाचे चार होत तुटला. ब्रँड मुख्य पुरवठादाराला काम देतो. त्याच्याकडे नमुना उत्तम शिवणारे दहा-पंधरा जण असतात, पण मागणीएवढी यंत्रे नसतात. तो काम खाली देतो, खालचा आणखी खाली. वरच्याने दर आणि मुदत आधीच ठरवलेली असते, त्यामुळे प्रत्येक पायरीवर कापण्यासारखे एकच उरते, मजुरी. रोबेर्तो साविआनो याने 2006 च्या ‘गोमोरा’ या पुस्तकात नेपल्सजवळच्या आर्झानोमधल्या एका शिंप्याची हकिगत सांगितली आहे. आपण नोंद नसलेल्या कामात शिवलेला पांढरा सूट ऑस्करच्या रात्री अँजेलिना जोलीने घातलेला त्याला टीव्हीवर दिसतो, आणि हे कोणाला सांगायची सोय त्याच्याजवळ नसते.

‘चिनी आले म्हणून सगळे बिघडले’ हे इटलीत नेहमी ऐकू येणारे उत्तर. प्रातो हे गाव त्यासाठी पुढे केले जाते. मध्ययुगापासून कापडाच्या व्यापारावर जगलेले, पुढे जगभरच्या लोकरी चिंध्या गोळा करून त्यांचे पुन्हा सूत काढण्यात नाव मिळवलेले हे गाव. 1990 च्या सुमारास तिथे चीनमधल्या वेन्झो भागातले लोक आले, आणि त्यांच्या कारखान्यांना सुरुवातीची कामे दिली ती इटालियन कंपन्यांनीच. 1 डिसेंबर 2013 च्या पहाटे प्रातोतल्या एका कपड्यांच्या कारखान्याला आग लागून 7 चिनी कामगार मेले. कारखान्यातच कप्पे करून ते झोपत, आणि खिडक्यांना गज होते. दहा वर्षांनी मिलानच्या परिसरात तीच व्यवस्था महागातल्या महाग नावांच्या खाली सापडली. स्वस्त कपड्यांच्या बाजाराची ही रीत वर चढत गेली. कारागिरीची रीत काही खाली उतरली नाही.

आर्मानीच्या एका उपकंपनीवर एप्रिल 2024 मध्ये प्रशासक नेमला गेला. कागदपत्रांतला हिशेब असा: बॅग शिवणाऱ्या खालच्या कारखान्याला 93 युरो, मधल्या पुरवठादाराला 250, दुकानातली किंमत 1800 च्या आसपास. कामगाराला तासाला दोन-तीन युरो. कंपनीने पुरवठा-साखळीवरची देखरेख सुधारल्यावर, मुदत संपण्याआधीच फेब्रुवारी 2025 मध्ये, न्यायालयाने प्रशासक उठवला, हेही नोंदवले पाहिजे. ऑगस्ट 2025 मध्ये इटलीच्या स्पर्धा-नियामकाने त्याच समूहाला 35 लाख युरोंचा दंड केला, तो सामाजिक जबाबदारीच्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबद्दल. दरम्यान व्हॅलेंटिनोची बॅगा बनवणारी कंपनी आणि लोरो पियाना यांच्यावरही मिलानच्या न्यायालयाने अशीच देखरेख बसवली. वापरलेले कलम मुळात माफियाविरोधी कायद्यातले. न्यायालयाने या कंपन्यांना गुन्हेगार ठरवले नाही. आपला माल कोण आणि कसा शिवतो हे त्यांनी पाहिले नाही, हा ठपका ठेवला. 1800 युरोंच्या वस्तूचा एक टाका वाकडा आला तर परत पाठवणाऱ्या कंपनीला तो टाका घालणारा माणूस दिसला नाही, यावर विश्वास ठेवणे मला तरी जड जाते.

परकी मालकी हा या रोगाचा उगम नाही, जरी इटलीत त्यावरच जास्त चर्चा होते. गुच्ची आणि बोत्तेगा वेनेता फ्रान्सच्या केरिंगकडे, फेंडी आणि लोरो पियाना एलव्हीएमएचकडे. आर्मानी सप्टेंबर 2025 मध्ये, 91 व्या वर्षी गेला आणि मृत्युपत्रात 15 टक्के हिस्सा ठरावीक मुदतीत विकायची सूचना ठेवून गेला. पसंतीच्या नावांत एलव्हीएमएच आहे. पण बोत्तेगाची चामड्याच्या पट्ट्यांची वीण फ्रेंच मालकाखालीही टिकली, आणि आर्मानीच्या बॅगांचा वर दिलेला हिशेब मालक इटालियन असतानाचा आहे. मालक बदलल्याने वारसा जातोच असे नाही. शिकायला कोणी उरले नाही की तो जातो.

‘तरुण मुले या कामाकडे वळत नाहीत’ अशी तक्रार आता इटलीतले उद्योजकच करतात. शाळा निघाल्या आहेत. उंब्रियातल्या सोलोमेओ गावात ब्रुनेल्लो कुचिनेल्लीने 2013 मध्ये हस्तकलेची शाळा काढली आणि तिथे शिकणाऱ्यांना विद्यावेतन देतो. चांगले आहे. पण बाहीच्या चुण्या हाताने बसवायला शिकण्यात अनेक वर्षे जातात. ती वर्षे घालवून शेवटी स्पर्धा करायची ती 53 युरोंत सबंध बॅग शिवणाऱ्या साखळीशी, हे वीस वर्षांच्या मुलाला न सांगताच कळते. मुले आळशी नाहीत, हिशेबी आहेत.

आता कोल्हापूर. 22 जून 2025 रोजी मिलानमध्ये प्राडा या इटालियन ब्रँडच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी चपला दिसल्या, ‘चामड्याच्या सँडल’ या नावाने. महाराष्ट्र चेंबर या व्यापारी संघटनेने प्राडाला पत्र लिहिले, समाजमाध्यमांवर गदारोळ झाला, प्राडाने या चपलांचे मूळ भारतीय असल्याचे मान्य केले. त्या वेळी आपला सगळा राग ‘आमचे नाव घेतले नाही’ या एका मुद्द्यावर होता. राग रास्तच. पण इटलीकडे नाव होते, सत्तर वर्षे जगभर दुमदुमलेले नाव, आणि त्या नावाने बॅग शिवणाऱ्याचे रक्षण केले नाही. कोल्हापुरीला 2019 पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकच्या चार जिल्ह्यांसाठी. मानांकन नाव राखते, गाव राखते. मजुरी ठरवणे त्याच्या कक्षेत नाही.

डिसेंबर 2025 मध्ये प्राडाने महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाशी आणि कर्नाटकच्या महामंडळाशी करार केला. दोन हजार जोड इथे बनणार, किंमत सुमारे 800 युरो, म्हणजे जोडाला ऐंशी हजार रुपयांच्या घरात. एकूण विक्री सोळा कोटींच्या आसपास. आपल्या वर्तमानपत्रांत मथळे अभिमानाचे आले. हिरडा आणि बाभळीची साल यांत कमावलेले चामडे रापीने कापून, आरीने भोके पाडून, वादीने टाका घालणाऱ्या माणसाच्या हातात यातले किती पडणार, हा मथळा मला कुठे दिसला नाही.

हे काम कारागिराकडून थेट घेतले जाणार की मधल्या व्यापाऱ्यामार्फत, ठेका खाली देता येणार की नाही, आणि जोडामागे मजुरी किती, या तीन गोष्टी आताच कागदावर आणून उघड केल्या पाहिजेत. मिलानला त्या कळायला पोलीस आणि न्यायालय लागले. दोन हजार जोडांचा हिशेब ठेवणे अवघड नाही. दोन्ही महामंडळांनी तो जाहीर करावा आणि कोल्हापूरच्या लोकप्रतिनिधींनी तो विधानसभेत मागावा.