शाळेच्या पेटीतून निघालेली मोटार



मागच्या आठवड्यात आमच्या शाळेच्या पेटीचा एक सूर बसला. प्रार्थना ऐन रंगात आली, की पेटी मधेच गप्प! चौथीतला एक पठ्ठ्या म्हणाला, "सर, फेकून द्या ना, नवी आणू." मी म्हटलं, "थांब, आधी एक गोष्ट ऐक." तीच आज तुम्हांला सांगतो.

१८८७ साल. जपानमधल्या हमामात्सु इथल्या प्राथमिक शाळेचा ऑर्गन बिघडला. ऑर्गन म्हणजे आपल्या पेटीचा थोरला भाऊ. परदेशातून आणलेला, दुरुस्त करणार कोण? तिथे दवाखान्यातली उपकरणं दुरुस्त करणारा तोराकुसु यामाहा नावाचा कारागीर होता. त्याने ऑर्गन उघडला, बिघाड काढला आणि आतल्या भागांची चित्रंही काढून ठेवली. मग त्यांवरून स्वतःच एक ऑर्गन बनवला! सोबत्याच्या मदतीने तो खांद्यावर घेऊन, डोंगर ओलांडून, टोकियोच्या संगीत संस्थेत नेला.

तिथे काय कळलं? ऑर्गन दिसतो छान, पण सूर चुकलेत. यामाहा रुसून परत आला नाही. महिनाभर तिथेच राहून सुरांचं शास्त्र शिकला. पुढचा ऑर्गन मात्र सुरात वाजला. यामाहा कंपनीच्या चिन्हात तीन नादकाटे आहेत.

पुढे याच घराण्याने मोटारसायकली बनवल्या आणि टोयोटा कंपनीबरोबर एक मोटारही. तिचं नाव टोयोटा २००० जीटी. १९६५ साली टोकियोच्या प्रदर्शनात ती लोकांनी पहिल्यांदा पाहिली. बुटकी, लांब नाकाची आणि ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास धावणारी! इंजिन टोयोटाचं, पण त्याला वेग दिला यामाहाने. आणि चालकासमोरची लाकडी फळी? ती वाद्यं बनवणाऱ्या हातांची! १९६७ ते १९७० या काळात अशा साडेतीनशेच्या आसपासच गाड्या बनल्या.

आता विचार करा, एवढ्या जुन्या गाडीचा गिअर तुटला तर मालकाने काय करावं? कारखान्यात तो भाग बनणंच बंद झालेलं. अखेर २०२० साली टोयोटाने या गाडीचे गिअरचे काही भाग पुन्हा बनवायला घेतले. म्हणजे जुनी गाडी जगते ती तीन गोष्टींवर: सुटे भाग, माहितीची पुस्तिका आणि जाणकार माणूस.

ही तिन्ही मी घरीच पाहिली आहेत. माझ्या बाबांची आरएक्स १०० आहे, यामाहाचीच. आपल्या देशात ती १९८५ ते १९९६ पर्यंत बनली. पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं, म्हणून मागून निळसर धूर निघतो. तिची पुस्तिका बाबांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आहे. आमचे मिस्त्रीभाऊ नुसता आवाज ऐकून सांगतात, "सर, कार्ब्युरेटर साफ करा लागते." आणि जुने भाग? ते त्यांच्या पत्र्याच्या डब्यात!

आता एक गोष्ट जड मनाने सांगतो. ऑगस्ट २०२१ मध्ये आमच्या फुलसावंगीचा एक तरुण कारागीर स्वतः बांधलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेत होता. त्याला इंजिन लावलं होतं मारुती ८०० चं. पातं लागून तो गेला. केवढी कला होती त्याच्या हातात! पण असं यंत्र सुरू करण्याआधी ते तपासणारे जाणकार लागतात, सुरक्षित जागा लागते. आपल्या खेड्यांतल्या हुशार हातांना हे सहज मिळत नाही. यामाहाला चूक दाखवणारे आणि शिकवणारे भेटले. मुलांनो, तुम्हीही हात चालवा, पण विचारायला लाजू नका. आणि पालकांनो, मुलगा घड्याळ उघडून बसला तर रागावू नका. त्याच्याजवळ बसा, नाहीतर त्याला जाणत्या माणसाकडे घेऊन जा.

या रविवारी एक काम करा. घरातलं सर्वांत जुनं यंत्र शोधा. शिलाई मशीन, पंखा, सायकल, काहीही चालेल. ते केव्हा घेतलं, कोण दुरुस्त करतं, पुस्तिका आहे का, हे वहीत लिहा आणि चित्र काढा. विजेचं यंत्र एकट्याने मुळीच उघडायचं नाही बरं का!

आणि आमची पेटी? भजनी मंडळातल्या एका आजोबांनी ती उघडली. पितळी पत्तीखाली धुळीचा एवढासा कण अडकला होता. आजोबांनी तो काढला आणि सूर बोलू लागला. "फेकून द्या" म्हणणारा पठ्ठ्या शेजारीच बसला होता, पेटीच्या आतलं चित्र काढत!

तुमचे सर