पाणी आम्ही तपासू, जबाब तुम्ही द्या

गेल्या पावसाळ्यात एका वस्तीत आरोग्य शिबिर होते. जुलाब-उलट्यांची साथ येऊन गेली होती. व्यासपीठावरच्या पाहुण्यांनी अर्धा तास भाषण केले. हंडा झाकून ठेवा, ओगराळ्याने पाणी घ्या, हात धुवा, नखे कापा. समोर सगळ्या विडी वळणाऱ्या बाया बसलेल्या. भाषण संपले तेव्हा मागून एक अक्का उठली आणि म्हणाली, "साहेब, हंडा मी झाकते. पण तुमचा पाइप गटारातून येतो, तो कोण झाकणार?"

टाळ्या पडल्या, पाहुणे हसले, आणि कार्यक्रम आभारप्रदर्शनाकडे वळला. प्रश्न तिथेच राहिला. तोच मला आज इथे मांडायचा आहे.

पूर्वी पटकी आली की मरीआईचा कोप झाला म्हणत. आज मरीआईचे नाव कोणी घेत नाही, बाईच्या हाताचे घेतात. पोर आजारी पडले तर आईने पाणी नीट ठेवले नसेल. म्हणजे देवी बदलली, पण दोष बाईकडेच राहिला. वर भुर्दंडही तिलाच. पोर जुलाबाने लोळत असताना विड्या वळल्या जात नाहीत. हजारी बुडते, आणि डॉक्टरची फी वेगळी.

सोलापूर शहराला पाणी येते ते उजनी धरणातून, टाकळीजवळ भीमेतून आणि हिप्परग्याच्या तलावातून. उजनी १९८० साली पूर्ण झाले. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. ज्या शहरांच्या मोऱ्यांचे पाणी आपल्या धरणात येते त्यांना कोणी नखे कापायला सांगत नाही. असे पाणी शुद्धीकरण केंद्रातून स्वच्छ होऊन निघाले असे धरून चालू. पुढे काय होते?

सोलापुरात वर्षानुवर्षे तीन, चार, पाच दिवसांआड पाणी येत आले आहे. नळाला पाणी नसते तेव्हा जमिनीखालचा पाइप रिकामा असतो. रिकाम्या पाइपात दाब नसतो. शेजारून गटार वाहत असेल आणि सांधा फुटका असेल, तर गटारातले पाणी आत ओढले जाते. मग पाणी सुटते तेव्हा आधी तेच आपल्या घागरीत पडते. त्यानंतर ती घागर चार दिवस पुरवायची. पाण्यातला क्लोरिन दिवसागणिक उडून जातो, म्हणजे राखणदार निघून जातो. तरी ठपका कोणावर? घागर भरणारीवर! तिने चार दिवस पाणी साठवले ते हौसेने नव्हे. ते वेळापत्रक तिने केलेले नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की घरच्या पाण्याची तपासणी बायांनी शिकलीच पाहिजे. पण ती घरकामात आणखी एका कामाची भर म्हणून नाही, पुरावा म्हणून.

बाया पाणी तपासत नाहीत असे कोण म्हणते? डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यावर पांढरा थर चढतो, म्हणजे बोअरचे पाणी जड आहे हे कोणत्याही मावशीला कळते. वासावरून, रंगावरून, जिभेवर ठेवून ती रोज निकाल देते. पण या ज्ञानाला मर्यादा आहेत. विष्ठेतले जंतू दिसत नाहीत. नायट्रेटला वास नाही, फ्लोराइडला चव नाही. नायट्रेट असलेले पाणी उकळले तर पाणी आटते आणि नायट्रेटचे प्रमाण उलट वाढते. वरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला ते जिवावर बेतू शकते. अशा ठिकाणी डोळे आणि जीभ पुरत नाहीत.

जंतूंसाठी एक सोपी बाटली मिळते. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली ही पद्धत मांडली. निर्जंतुक बाटलीत औषध लावलेला कागद असतो. खुणेपर्यंत पाणी भरायचे, झाकण लावायचे आणि उबदार जागी एक ते दोन दिवस ठेवायचे. बाटली आतून विसळायची नाही, आत बोट घालायचे नाही. पाणी काळे झाले तर त्यात विष्ठेची घाण मिसळली असण्याचा दाट संशय घ्यायचा. सोलापूरच्या उन्हाळ्यात वेगळी ऊब द्यावी लागत नाही!

दुसरी तपासणी क्लोरिनची. थोड्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले की ते पिवळे होते, आणि रंगपट्टीशी ताडून पाहायचे. तपासलेले पाणी प्यायचे नाही, मोरीत ओतायचे. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरिन असावा. रंगच आला नाही तर त्या पाण्याला राखणदार नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. पाणी एकाच जागचे तपासू नका. एक बाटली पाणी सुटल्या सुटल्या नळाखाली भरा. दुसरी त्याच पाण्याची, चौथ्या दिवशी, घागरीतली. पहिली काळी झाली तर पाण्यात घाण बाहेरूनच आली, वाद संपला. पहिली स्वच्छ आणि दुसरी काळी असेल, तर घागर झाकायला, तोटीचे भांडे वापरायला शिकू, नक्की शिकू. पण त्यासोबत विचारू, की रोज पाणी दिले असते तर ते चार दिवस साठवावे लागले असते का?

मैत्रिणींनो, या तपासणीचे आणखी एक मोल आहे. पाणी शुद्ध की अशुद्ध हे आपल्याकडे नेहमी सत्तेने ठरवले. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसोबत दलित स्त्री-पुरुष महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. तळे बाटले म्हणून सवर्णांनी नंतर १०८ घागरींनी शेण, गोमूत्र, दूध, दही त्यात ओतले आणि तळे शुद्ध झाले असे जाहीर केले. पाण्यात शेण घालायचे आणि त्याला शुद्धी म्हणायचे! घराघरात हेच चालले. पाळी आली की बाईने घागरीला शिवायचे नाही, कारण तिच्या हाताने पाणी बाटते. बाटलीतल्या त्या कागदाला मात्र जात कळत नाही आणि पाळीही कळत नाही. त्याला फक्त घाण कळते. आमच्या एका बैठकीत एका मुलीने पाळीच्या दिवसात बाटली भरली आणि सासूसमोर दोन दिवस ठेवली. पाणी होते तसेच राहिले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण घागरीवरची बंदी उठली.

आता या तपासणीवर टपलेल्या दोघांविषयी बोलू.

पहिला दारावर येणारा विक्रेता. तो दोन पेल्यांत पाणी घेतो, एकात तुमचे, एकात त्याच्या यंत्राचे. दोन्हींत धातूच्या दांड्या बुडवतो आणि वीज सोडतो. तुमचे पाणी तपकिरी, गढूळ होते, त्याचे स्वच्छ राहते. बाई घाबरते आणि हप्त्याने यंत्र घेते. खरे असे आहे की साध्या पाण्यात क्षार असतात म्हणून त्यातून वीज वाहते, लोखंडी दांडी झिजते आणि तिचाच गंज पाण्यात उतरतो. यंत्राच्या पाण्यातले क्षार काढलेले असतात म्हणून वीज वाहत नाही. पुढच्या वेळी त्याच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाका आणि गंमत पाहा. त्याच्या खिशातली टीडीएसची कांडीही क्षारच मोजते, जंतू नाही. कमी आकडा दाखवणाऱ्या पाण्यातही गटार मिसळलेले असू शकते. त्याची तपासणी तुम्हाला घाबरवून गिऱ्हाईक करते. ज्यांच्याकडे हप्ता नाही त्यांनी काय करायचे, याचे उत्तर त्याच्याकडे नाही.

दुसरे टपलेले आहे ते सरकार. १५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशन जाहीर झाले. त्यात प्रत्येक गावातल्या पाच बायांना तपासणीचा संच वापरायला शिकवायचे ठरले. देशभरात २० लाखांहून अधिक बायांना हे प्रशिक्षण दिल्याचे सरकारच सांगते. शिकवले याचा आनंद आहे. पण ही मोजणी करणाऱ्या बाईकडे पगारी काम म्हणून पाहिले जाते का? अंगणवाडी, आशा, पोषण आहार, आणि आता पाणी. जिथे पैसे कमी पडतात तिथे 'महिलांचा सहभाग' हा शब्द येतो. पाइप टाकणाऱ्या कंत्राटदाराला कोणी सहभाग म्हणून काम करायला सांगितल्याचे ऐकले आहे का?

यावर आपल्यातल्याच काहीजणी म्हणतात, सरकारचे काम आपण का करायचे? नकोच ती बाटली. मला हे पटत नाही. आपण हात आखडला तर माहिती कार्यालयातच राहील, आणि भीती विकणारा दारात येतच राहील. प्रश्न बाटली हातात घ्यायची की नाही हा नाही. काळ्या बाटलीचे पुढे काय होते हा आहे.

आम्ही अशा बाटल्या घेऊन एका कार्यालयात गेलो होतो. उत्तर मिळाले, "बायकांच्या बाटल्या शास्त्रीय नाहीत." मान्य आहे, ही प्राथमिक तपासणी आहे. ती प्रयोगशाळेची जागा घेत नाही. मग चला, आमच्यासमोर नमुना घ्या, सील करा, प्रयोगशाळेत पाठवा आणि निकाल आमच्या हातात द्या! तिथे मात्र शास्त्र संपते आणि 'बघू' सुरू होते.

खेड्यांत पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून गावांना लाल, पिवळे, हिरवे कार्ड द्यायची पद्धत महाराष्ट्राने रुजवली. मग शहरातल्या वस्तीला तिच्या पाण्याचा रंग का कळू नये? बाटलीबंद पाण्याचे निकष विकणाऱ्यावर कायद्याने बंधनकारक आहेत. नळाच्या पाण्याचे भारतीय मानक, आय.एस. १०५००, पुरवठा करणाऱ्यावर सक्तीचे नाही. म्हणजे पैसे मोजणाऱ्याला कायदा आणि रांगेत उभ्या राहणारीला उपदेश. स्वच्छ पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली म्हटले. तो हक्क वस्तीच्या शेवटच्या नळापर्यंत कधी पोचणार?

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. ओळीतल्या शेवटच्या नळाचे पाणी ठरलेल्या दिवशी तपासा, वस्तीतल्या बायांसमोर. निकाल चौकातल्या फळ्यावर लिहा. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या बाया एकाच नळावर भांडतात, तेव्हा निकालही चारही भाषांत हवा. बाटली काळी आली तर दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचा नमुना घ्या आणि दुरुस्ती होईपर्यंत टँकर द्या. तपासणी करणाऱ्या बाईला मजुरी द्या. आणि रोज पाणी द्या, कारण रिकामा पाइप हेच दुखण्याचे मूळ आहे.

प्रत्येक मंडळाने या तिमाहीत निदान दहा घरांचे पाणी तपासावे. वही ठेवा. तारीख, वेळ, कोणता नळ, किती दिवसांनी पाणी आले, रंग काय झाला, घरात कोणी आजारी होते का, हे लिहा. ती वही माहिती अधिकाराच्या अर्जाला जोडा, निवेदनाला जोडा.

बाटली काळी झाली तर लाजू नका आणि गुपचूप मोरीत ओतू नका. झाकण घट्ट ठेवा आणि दहाजणी मिळून ती साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवा. त्या अक्काच्या प्रश्नाचे उत्तर अजून आलेले नाही.