हुकुमाचा ताबेदार

1971 च्या युद्धानंतर पाकिस्तानी लष्कराचे वरिष्ठ अधिकारी आपल्या जबलपूरच्या छावणीत कैदेत होते. ढाक्यात 16 डिसेंबर 1971 रोजी शरणागतीवर सही करणारे जनरल नियाझी त्यांतलेच. एकूण कैदी 93,000 सांगितले जातात. त्यांत साधे जवान होते, मुलकी माणसेही होती. 25 मार्च 1971 पासून पूर्व बंगालात झालेल्या कत्तली आणि बलात्कारांबद्दल बांगलादेश 195 जणांवर खटले भरणार होता. एप्रिल 1974 च्या दिल्ली करारात ते खटले सोडून देण्यात आले. 195 पैकी एकालाही न्यायालयाची पायरी चढावी लागली नाही.

मग गोळी झाडणाऱ्या शिपायाला कोणत्या तोंडाने जाब विचारायचा, असे आमचे काही सहकारी म्हणतात. प्रश्न वाजवी आहे, पण अपुरा आहे. हुकूम वरून येतो हे खरे. बाईच्या घराचे दार फोडायचा हुकूम मात्र दरवेळी वरूनच आलेला नसतो. आणि हे एकाच सैन्याचे पाप नव्हे. ढाका मुक्त झाल्यावर दोनच दिवसांनी मुक्तिवाहिनीच्या लोकांनी बांधलेल्या कैद्यांना भर मैदानात, परदेशी छायाचित्रकारांदेखत, संगिनींनी भोसकले. बिहारी मुसलमानांच्या वस्त्यांवरही हल्ले झाले. न्यायाच्या बाजूने लढलेलेच हे हात होते.

तरीही जबाबदारी सर्वांना सारखी वाटून मोकळे होणे आम्हाला मान्य नाही. पाकिस्तानचे लेफ्टनंट जनरल साहबजादा याकूब खान यांनी मार्च 1971 मध्ये लष्करी कारवाईस नकार देऊन राजीनामा दिला. जनरलला ते करता येते. जवानाने तेच केले तर त्याला बंड म्हणतात. जबलपूरला हे नव्याने सांगायला नको. फेब्रुवारी 1946 च्या अखेरीस इथल्याच सिग्नल ट्रेनिंग सेंटरचे सुमारे 1,700 जवान बराकींतून बाहेर पडले. मुंबईत नाविकांवर झालेला गोळीबार, आझाद हिंद सेनेवरचे खटले, गोऱ्यांची वागणूक, पगार आणि निकृष्ट जेवण, सगळ्याचाच राग होता. त्यांच्यावर संगिनी चालल्या, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. पेशावरला 1930 साली निःशस्त्र जमावावर गोळी झाडायचे नाकारणाऱ्या चंद्रसिंग गढवालींना तर अकरा वर्षे तुरुंगात काढावी लागली.

आर्मी अ‍ॅक्ट, 1950 च्या कलम 41 प्रमाणे गुन्हा आहे तो 'कायदेशीर' हुकूम मोडण्याचा. म्हणजे बेकायदेशीर हुकूम नाकारायला वाव आहे. पण तो बेकायदेशीर होता हे पटवून द्यायचे कोणी? कोर्ट मार्शलपुढे उभ्या केलेल्या वीस वर्षांच्या पोराने! रंगरुटाला हे कलम त्याच्या भाषेत शिकवा, नकार देणाऱ्याला आपल्या पसंतीचा वकील मिळू द्या आणि चौकशी हुकूम देणाऱ्यापासून सुरू करा, अशी आमची मागणी आहे.

खमरिया, गन कॅरेज आणि व्हेइकल फॅक्टरीतल्या साथींचाही हा प्रश्न आहे. तोफा आणि गोळे त्यांच्या हातून जातात, भरतीच्या रांगेतही त्यांच्याच घरची पोरे असतात. शाखांनी येत्या सभेत हा विषय घ्यावा आणि ठराव आमच्याकडे पाठवावेत.